पटावर चौथी, वाचनात पहिली

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा शिक्षकाच्या हाती पाठ्यपुस्तके, वार्षिक नियोजन आणि पट असतो. पटावर मुलाची इयत्ता लिहिलेली असते. पण ते मूल प्रत्यक्षात काय वाचू शकते, कोणते उदाहरण सोडवू शकते आणि शाळेतली मराठी त्याला कितपत कळते, हे पटावर कुठेच नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवताना आणि धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकबंधुभगिनींशी बोलताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. मागे पडलेल्या मुलाला द्यायची मदत शाळा सुटल्यानंतरच्या जादा तासावर सोडली, की ती बहुतेक वेळा होतच नाही. सुटी झाल्यावर त्या मुलाला शेळ्या चारायच्या असतात, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते किंवा शेतातून आईवडील येण्याआधी पाणी भरून ठेवायचे असते. म्हणून ही मदत शाळेच्या नेहमीच्या वेळेत आणि रोजच्या वेळापत्रकातच बसवावी लागते. ती कशी बसवता येते, याविषयी हे लेखन आहे.

पहिले काम म्हणजे प्रत्येक मुलाला एकट्याने वाचायला लावून ऐकणे. वर्गात सगळ्यांनी मिळून केलेले वाचन फसवे असते. पुढच्या दोन-तीन मुलांच्या आवाजावर बाकीची मुले ओठ हलवत राहतात आणि धडा इतका पाठ होतो, की पुस्तक उलटे धरले तरी ओळ चुकत नाही. त्याऐवजी व्हरांड्यात किंवा झाडाखाली एकेका मुलाला शेजारी बसवावे आणि त्याने पूर्वी न पाहिलेला मजकूर त्याच्यापुढे ठेवावा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी पद्धत यासाठी सोपी आणि पुरेशी आहे. आधी पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद द्यायचा. तो नीट वाचता आला, तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट द्यायची. नाही आला, तर सुटे शब्द आणि तेही जमले नाहीत, तर अक्षरे द्यायची. एका मुलाला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. या पाच मिनिटांत शिक्षकाने चूक सुधारायची नसते, फक्त ऐकायचे आणि टिपायचे असते. ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळ आहे का, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखता येतात का, काना आणि वेलांटी वाचली जाते पण जोडाक्षरापाशी अडखळते का, की सगळे वाचता येऊनही ‘कोण कुठे गेले’ या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही? या प्रत्येक अडचणीवरचा उपाय वेगळा असल्यामुळे ‘वाचन कच्चे’ असा एकच शेरा नोंदवहीत लिहिला, तर त्यातून पुढे काय करायचे हे कळत नाही.

अशी पाहणी झाली की चित्र साधारण सारखेच दिसते. चौथीच्या पटावरची काही मुले शब्दांवर अडलेली असतात आणि दुसरीतली एखादी मुलगी गोष्ट सरळ वाचून दाखवते. मग रोज एक तास तिसरी, चौथी आणि असल्यास पाचवी, या इयत्तांच्या भिंती बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवावे. आमच्याकडे परिपाठानंतरचा पहिला तास यासाठी राखलेला आहे. दुपारी खिचडीनंतर मुले जड होतात आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बसणेही अवघड होते. गट कायमचे नसावेत, दर पंधरा दिवसांनी ते बदललेच पाहिजेत. नावे देताना फार जपावे. ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असे शब्द शिक्षकाच्या तोंडून एकदा बाहेर पडले, की गावभर पसरतात आणि मूल ते आयुष्यभर वागवते. आम्ही तापी, पांझरा, गिरणा, गोमाई अशी आपल्याकडच्या नद्यांची नावे देतो आणि पंधरवड्याला गट बदलताना ती नावेही बदलतो.

अक्षरे आणि शब्द यांवर अडलेल्या गटाला महिनाभर नुसती मुळाक्षरे गिरवायला लावणे मला पटत नाही. त्या मुलांनाही रोज एक गोष्ट वाचून दाखवावी, तिच्यातलेच चार-पाच शब्द फळ्यावर घ्यावेत, त्या शब्दांतली अक्षरे सुटी करावीत आणि बाराखडीच्या तक्त्यावर बोट ठेवून त्या अक्षरांचे नवे शब्द मुलांकडूनच तयार करून घ्यावेत. परिच्छेद वाचणाऱ्या गटाची अडचण बहुधा ओघाची असते. सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात गेल्यामुळे वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अशा मुलांना रोज नवा उतारा देण्यापेक्षा तोच उतारा तीन-चार वेळा वाचू द्यावा: आधी शिक्षकाने वाचावा, मग सोबतीने, मग जोडीदाराला ऐकवावा आणि शेवटी एकट्याने वाचावा. ओघ येऊ लागला की मूल स्वतःहून गोष्टीबद्दल बोलू लागते. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये सुरू झाले तेव्हा तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरले होते. शिक्षण परिषदांमध्ये त्याचे तक्ते भरपूर भरले जातात. पण वर्गात ते उद्दिष्ट गाठायचे, तर या एका तासासारखी रोजची राखीव जागा त्याला द्यावीच लागते.

आता भाषेकडे येतो. खान्देशातल्या शिक्षकाने या विषयाचा सर्वांत जास्त अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते. तापीच्या खोऱ्यातल्या बहुतेक गावांत घरी अहिराणी बोलली जाते, जळगावच्या पूर्वेला तावडी आणि लेवा गणबोली. सातपुड्याच्या डोंगरात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची आणि कोकणी, तर शहादा-तळोद्याच्या काही गावांत गुजरी. पाठ्यपुस्तकातली मराठी यांपैकी कोणत्याही घरात जशीच्या तशी बोलली जात नाही. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने श्रुतलेखनात ‘शाळा’ऐवजी ‘शाया’, ‘फळा’ऐवजी ‘फया’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिले, तर ती निष्काळजीपणाची चूक नसते. त्याच्या घरच्या बोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि तो नियमाने येतो. मूल आपल्या कानाशी प्रामाणिक राहून लिहीत असते. तसेच ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘मला’चे ‘मले’, ‘घरात’चे ‘घरमा’ आणि ‘आहे’चे ‘शे’. ‘गुरजी, मन्ही वही घर ऱ्हायी गयी,’ असे पहिलीतले मूल सांगते, तेव्हा त्याने एक पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्य उच्चारलेले असते. त्याला मध्येच थांबवून ‘माझी वही घरी राहिली असे म्हण’ असे सांगितले, तर काही दिवसांनी ते मूल वही विसरल्याचेही सांगत नाही, गप्प बसते.

यावर आम्ही वापरतो ती रीत साधी आहे. फळ्याचे दोन भाग करून डावीकडे मुलाचे वाक्य त्याच्या बोलीत जसेच्या तसे लिहायचे आणि उजवीकडे तेच पुस्तकी मराठीत लिहायचे. मग दोन्हींतले काय बदलले ते मुलांनीच शोधायचे. ‘घरमा’ आणि ‘घरात’, ‘शायामा’ आणि ‘शाळेत’ अशा जोड्या जमल्या, की मुले नियम स्वतः सांगतात. ‘ळ’साठी तर जिथे ‘य’ ऐकू येतो पण पुस्तकात ‘ळ’ लिहिला जातो, अशा शब्दांची यादी भिंतीवर लावून ठेवावी. केयी, काया, फयं, डोया असे शब्द घरून आणून मुले ती यादी स्वतः वाढवतात आणि पुढे लेखनात ‘ळ’ आपोआप येऊ लागतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. बोलीला वर्गात स्थान देण्यासाठी शिक्षकाला वेगळी परवानगी लागत नाही.

पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांची गोष्ट अधिक कठीण आहे, कारण अहिराणी आणि पुस्तकी मराठी यांच्यात जितकी जवळीक आहे, तितकी इथे नाही आणि शिक्षकाला बहुधा ती भाषा येत नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाने पहिला महिना लिहिण्या-वाचण्याची घाई करू नये, असे मला वाटते. अंगणवाडी सेविका, स्वयंपाक करणाऱ्या ताई, वरच्या वर्गातली मुले यांच्या मदतीने रोजच्या वापरातले शब्द आणि लहान सूचना त्यांच्या भाषेत शिकून घ्याव्यात: बस, ऊठ, दाखव, किती, पाणी, भूक, दुखते. शिक्षक आपली भाषा बोलायचा प्रयत्न करतो आहे, हे पाहून मुले हसतात, चुका दुरुस्त करतात आणि वर्गात बोलण्याची भीती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कमी होते. वर्गातल्या सूचना आधी त्यांच्या भाषेत, मग मराठीत द्याव्यात. गाणी आणि गोष्टी गावातल्या आजीकडून ऐकाव्यात. दुखते आहे की भूक लागली आहे, हे सांगता न येणाऱ्या मुलाला ‘अ’ शिकवण्यात अर्थ नाही.

मुलांच्या बोलण्यातून वाचनाचा मजकूर तयार करण्याची रीत आपल्या भागाला नवीन नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहून काढत असत. गुरुजींच्या मायेविषयी आपण नेहमी बोलतो, पण त्या हस्तलिखित दैनिकातली शिकवण्याची दृष्टी मला तितकीच मोलाची वाटते. आपल्याच अवतीभवती घडलेले काही लिहिलेले दिसले, की मूल ते वाचल्याशिवाय राहत नाही. वर्गात रोज सकाळी मुलांनी सांगितलेली तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत: कुणाची गाय व्याली, कुणाच्या शेतात कापूस वेचायला सुरुवात झाली, कुणाचे मामा आले. तीच वाक्ये त्या दिवसाचा वाचनपाठ होतात आणि महिन्याअखेरीस वहीत उतरवून ठेवली, तर वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होते. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

गणितात मला सर्वांत जास्त अडचण दिसते ती स्थानिक किमतीत आणि हातच्याच्या वजाबाकीत. ५०२ मधून ३७ वजा करताना मूल २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट ७ मधून २ वजा करते आणि ५ लिहिते, किंवा शून्याकडून हातचा घेता येत नाही म्हणून थांबते. नियम पुन्हा सांगून हे सुटत नाही. आपल्याकडे कापूस निघाल्यावर पऱ्हाटीच्या काड्यांना तोटा नसतो. बोटाएवढे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत आणि दहा गठ्ठ्यांची एक मोळी करावी. ५०२ म्हणजे पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या. त्यांतून सदतीस काढायच्या, तर आधी मोळी सोडावी लागते, मग गठ्ठा सोडावा लागतो. हे मुलाने स्वतःच्या हातांनी चार-पाच वेळा केले, की कागदावरच्या हातच्याला अर्थ येतो. घाईने काड्या बाजूला ठेवू नयेत. चौथीच्या मुलालाही त्या लागत असतील, तर खुशाल द्याव्यात.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला. मला ती सोय उपयोगाची वाटते. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, त्यामुळे बरीच मुले २७ ऐवजी ७२ लिहितात. ज्यांच्या घरची भाषाच वेगळी आहे, त्यांच्यावर हा भार दुप्पट पडतो. ‘वीस सात’ने संख्येची बांधणी कळते आणि मग ‘सत्तावीस’ हे नाव शिकवायला कुणाची आडकाठी नाही. दोन्ही शिकवावे.

प्रश्न विचारण्याच्या सवयीबद्दल थोडे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाला प्रश्न मनातल्या मनात फिरवून घ्यावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी मी याहूनही जास्त थांबतो. हात वर करणाऱ्यांनाच विचारण्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम पाटी उंच धरली, तर कुणाला काय कळले ते एका नजरेत दिसते.

खान्देशात शिकवणाऱ्याला स्थलांतर टाळून वेळापत्रक करता येत नाही. दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे आणि इतर जिल्ह्यांत जातात आणि बहुतेक होळीच्या सुमारास परततात. गावात आजी-आजोबा असतील, तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून मूल मागे राहू शकते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक दिवाळीआधी व्हावी लागते, नंतर घेतलेल्या बैठकीचा काही उपयोग नसतो. जे मूल जाणारच आहे, त्याच्यासोबत दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश घेताना दाखवायचे शिक्षण हमी कार्ड, वाचनाची दोन-तीन पातळ पुस्तके आणि एक कोरी वही द्यावी. मुकादमाचा किंवा सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचा फोन नंबर घेऊन ठेवावा आणि पंधरवड्यातून एकदा त्या मुलाशी बोलावे. फोनवर शिकवणे फारसे होत नाही, पण शाळेने आपले नाव धरून ठेवले आहे, हे त्याला कळते आणि परतल्यावर ते शाळेत येते. आले, की पहिल्याच दिवशी त्याला चालू धड्यात बसवू नये. पुन्हा एकट्याने वाचन ऐकावे आणि पातळीच्या गटात जागा द्यावी. गट इयत्तेवर अवलंबून नसल्यामुळे परतलेल्या मुलाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही, हा या पद्धतीचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या मुली धाकट्या भावंडामुळे घरी राहतात, त्यांना त्या भावंडासह वर्गात बसू द्यावे. थोडा गोंधळ होतो, पण मुलगी शाळेत असते.

आरोग्याच्या बाबतीत सिकलसेलविषयी प्रत्येक शिक्षकाला नेमके माहीत असायला हवे. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत हा अनुवंशिक आजार आढळतो आणि १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक मूल सहसा निरोगीच असते. आजार असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी मात्र विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, सांधे, पाठ यांत असह्य वेदना होतात. अंगातले पाणी कमी होणे, थंडी, अति श्रम आणि ताप यांमुळे हा त्रास उफाळतो. म्हणून अशा मुलाला तासाच्या मध्येही पाणी पिऊ द्यावे आणि लघवीला जाऊ द्यावे, कारण त्याच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. परिपाठाला उन्हात उभे करू नये, धावण्याच्या स्पर्धेची सक्ती करू नये, हिवाळ्याच्या सकाळी स्वेटर आहे का ते पाहावे. ताप आला, छातीत दुखू लागले किंवा डोळे अचानक जास्त पिवळे दिसले, तर पालकांची वाट न पाहता आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. महिन्यातून तीन-चार दिवस गैरहजर राहणाऱ्या, सतत दमणाऱ्या आणि हातपाय दुखतात असे सांगणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. पहिली चाचणी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होते. निदान मात्र वर्गात जाहीर करू नये. पुढे लग्नाच्या गोष्टींपर्यंत त्याची झळ पोचते, विशेषतः मुलींना.

दृष्टी आणि श्रवण यांची प्राथमिक पारख शिक्षकालाच होते. फळ्यावरचे उतरवताना चुकणारे पण पुस्तकातले नीट लिहिणारे मूल, किंवा नाव घेतल्यावर शेजाऱ्याकडे पाहणारे मूल दिसले, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते तेव्हा त्याचे नाव आधीच लिहून ठेवावे आणि तोवर त्याला पुढे बसवावे.

शिक्षेविषयी कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते आणि सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणणे त्यात येते.

शेवटी नोंदीविषयी, कारण शिक्षकांच्या बदल्या होत राहतात आणि चौथीनंतर मुलेही दुसऱ्या शाळेत जातात. शासकीय नोंदवह्यांत गुण आणि श्रेणी असतात. त्यांशिवाय प्रत्येक मुलाचे एक साधे पान मी ठेवतो. त्यात घरी कोणती भाषा बोलतात, वाचन आणि गणित कुठवर आले आणि कोणत्या तारखेला, कशावर अडते, कोणत्या महिन्यांत कुटुंब बाहेर असते, आरोग्याची कोणती काळजी घ्यायची, कोणत्या गोष्टीत ते मूल रमते आणि घरी कोणाशी बोलल्यावर काम होते, एवढेच असते. मूल पाचवीसाठी शेजारच्या गावी जाते तेव्हा दाखल्याच्या पाकिटासोबत ते पान जाते आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या वर्गशिक्षकांना मी फोन करतो.